सातव्या मजल्याचे ऐंशी टक्के

गुरुवार, मुलुंड

आज आमच्या साइटवरच्या नव्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर चढले आणि माझाच अहवाल खोटा निघाला.

दर आठवड्याला मी झालेल्या कामाची किंमत काढते आणि तोवर ठरलेल्या कामाशी ताडून पाहते. साइट इंजिनिअर सावंत टक्के सांगतो, मी भरते. सातवा मजला ऐंशी टक्के झाला म्हणाला, म्हणून आम्ही वेळापत्रकाच्या पुढे दिसत होतो. प्रत्यक्षात हॉल, बेडरूमचं प्लास्टर झकास, पण एकाही बाथरूमला हात लागलेला नाही. पाइप नाहीत, वॉटरप्रूफिंग नाही. चौरस फुटांनी मोजलं तर ऐंशीच टक्के. लागणाऱ्या दिवसांनी मोजलं तर निम्मंही नाही.

"चौरस फुटांवर टक्के तुम्हीच मागता ना मॅडम," सावंत म्हणाला. "मग सोपं ते आधी उरकणारच."

खरं आहे. पद्धत माझीच. मग वर जाऊन बघायला मला इतके महिने का लागले?

रविवारी कुलकर्णी काकूंनी विचारलं होतं, भाड्याची जागा कधी सोडू? त्यांनी आमच्याकडे घेतलेला फ्लॅट सातव्यावरच. मी मोठ्या तोऱ्यात ऐंशी टक्के सांगितले. मार्चमध्ये या म्हटलं.

बाथरूमचं काम वेगळं धरून आकडे पुन्हा काढले, साहेबांना पाठवले. मग काकूंना फोन केला. म्हटलं, घरमालकाला इतक्यात काही कळवू नका, ताबा मिळायला पावसाळा उजाडेल.

"अगं, कालच कळवलं. तू म्हणालीस ना."

आवाजात राग नव्हता. उद्या त्यांच्या घरमालकाकडे मी स्वतः जाणार आहे. पण त्याने दुसरा भाडेकरू ठरवलासुद्धा, असं काकू म्हणाल्या.