कार्डावर न लिहिलेली गोळी

३ फेब्रुवारी २०२५

संताप! आशाताई गरोदरपणाचं कार्ड भरायला आल्या. तिसरा महिना लागलाय. "दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत का?" सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत बसलेल्या. "नाही," म्हणाले मी.

फिटच्या गोळ्या सात वर्षं घेतेय — आणि म्हणे नाही! आईनेच शिकवलंय. लग्न ठरलं तेव्हा माहेरी, तुडीलला देवासमोर शपथ घ्यायला लावली — सासरी उमरठला कुणाला कळता कामा नये. नवऱ्याला, विनीतलासुद्धा नाही; तो मुंबईत असतो म्हणून जमतंय. कॅल्शियमच्या डबीत गोळ्या भरून दिल्या होत्या तिने.

५ फेब्रुवारी

आईचा फोन. "गोळ्या बंद कर गो. पोराला लागतील. आता तुला कुठं काय व्हतंय?"

लग्नापासून एकदाही फिट आली नाही, खरं आहे. पण ते गोळ्यांमुळेच ना? बंद केल्या आणि आली तर? घेतल्या आणि बाळात व्यंग राहिलं तर? विचारायचं कुणाला? जिला विचारावं तीच तोंड दाबते!

६ फेब्रुवारी

नाही घेतली.

८ फेब्रुवारी

तिसरा दिवस. डबी दोनदा उघडली, दोनदा बंद केली. आईचा फोन उचलला नाही.

१० फेब्रुवारी

बाजाराच्या नावाखाली एसटीने महाडला गेले. डॉक्टरीणबाईंनी झापलंच. "ही गोळी बाळाला धोक्याचीच आहे. दिवस राहण्याआधी यायचं होतंत, तेव्हाच बदलली असती. पण एकदम बंद करायला कुणी सांगितलं? फिट आली तर दोघांच्या जिवावर बेतेल!" मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून गोळी बदलून दिली. शेवटची फिट कधी आली, विचारलं. "चार वर्षं झाली." त्यावरून डोस ठरवला. आणि हे सगळं कार्डावर आलंच पाहिजे म्हणाल्या — बाळंतपण कुठेही होवो, तिथल्यांना कळायला हवं.

कार्ड सासूबाईंच्या ट्रंकेत! परतताना एसटीत आईला मनातल्या मनात शिव्या घालत होते. मनातल्या मनात नसाव्यात — शेजारची बाई सरकून बसली.

१२ फेब्रुवारी

सांगून टाकलं. "मला फिट येतात." सासूबाईंनी भाकरी उलटली.

"माहीत हाय. श्रावणात गोठ्यात पडलीस, ती काय उपासाची चक्कर व्हती गो? मीच तसं बोलले. तू लपवत व्हतीस, मग मी कशाला तोंड उघडू?"

म्हणजे आली होती. सहा महिन्यांपूर्वी! आणि मी चार वर्षं सांगून आले.

उद्या पहिल्या एसटीने महाड. त्या सोबत येतायत.