रुमालाखालचा हात

सोमवार, संध्याकाळ

लागला माझा नंबर! पुण्याच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात, जिथं आमच्या घरातलं कुणी गेटपर्यंतसुद्धा गेलेलं नाही. मेसेज वाचला आणि बेल्ह्याच्या बैलबाजारात पळत सुटले. आप्पा तिथं दलाली करतात. रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबून भाव ठरवणं चाललं होतं. मधेच हात काढला की सौदा मोडतो, हे मला माहीत नाही का? तरी ओरडलेच. आणि आप्पांनी हात काढला!

"काय राव, सौदा मोडला की!" व्यापारी चिडला.

"मोडू द्या. पोरगी लई मोठ्या कॉलेजात लागली."

मग तोच रुमाल माझ्या हातावर टाकून त्यांनी माझी पाचही बोटं घट्ट धरली. सोडेचनात.

"किती झाला भाव, आप्पा?"

"बोटं संपली, बाय."