ठमीचं ‘घे’

२ फेब्रुवारी

कॉन्व्हेंटच्या मागच्या पायरीवर आम्ही दोघी एकाच डब्यातून खात होतो. ठमीने डब्याच्या झाकणात पाणी घेऊन आपली बासरी धुतली. बस, एवढंच. सिस्टर आल्या, “गर्ल्स!” म्हणाल्या, गेल्या. काही घडलं नाही. आज सकाळी कपडे वाळत घालताना नेमकं तेच का आठवावं!

कारण असेल. आज ओसरीवर, आमच्या वादकांच्या वेबसाइटवर, जाहीर करून टाकलं – या महिन्याच्या शेवटी मी बाजूला होतेय, साइटचा सगळा कारभार सरेसबाई बघेल. (व्हायोलिनं दुरुस्त करते. दुकानात पाऊल टाकलं की लाकूड चिकटवायच्या सरेसाचा वास, म्हणून हे नाव. तिला ते आवडतं.) ठमीने आणि मी ओसरी सुरू केली तेव्हा लोक हसले होते. म्हणे, जुन्या वादकांना कॉम्प्युटरसमोर कोण बसवणार? बसले! आता उठत नाहीत. माझे डोळे मात्र दमले. हे म्हणतात, “आपल्यापेक्षा त्या ओसरीचाच संसार मोठा झाला.”

सरेसबाईसाठी नियम लिहून काढायचा आहे. इथे कच्चा लिहून बघते: ओसरीवर धून कुणीही ऐकावी. पण शिकून बाहेर वाजवायची तर जिच्याकडे ती धून आहे तिला विचारायचं. ती म्हणणार ‘घे’, नाहीतर ‘अजून नाही’. कारण विचारायचं नाही. भांडायचं नाही. – इतकाच तर आहे! एवढ्यावर इतकी वर्षं चाललं.

५ फेब्रुवारी

ओसरीवरच्या ढोलवाल्यांचा फोन. हॅलो नाही, काही नाही.

“बाई, जग बुडालं का?”

“का हो?”

“तुमच्या मैत्रिणीने पाळण्याची धून देऊन टाकली. त्या जाहिरातवाल्याला!”

मला वाटलं थट्टा करताहेत. ती धून ठमीला तिच्या गुरुजींनी अगदी शेवटी दिली – “एकालाच दे, आणि घाई करू नकोस.” तिने आजवर कुणालाही दिलेली नाही. मला काहीच वाजवता येत नाही हे बरं, नाहीतर यावरून आमची मैत्री तुटली असती. आणि हा माणूस जाहिरातींना संगीत देतो. दर वर्षी विचारतो, दर वर्षी ठमी लिहिते ‘अजून नाही’. या वेळी लिहिलंय ‘घे’. मी स्वतः बघितलं.

ठमीला फोन लावला. “कुणाला? मी? मॉनिटर, तुझी झोप होत नाहीये का?” हसली. (शाळेत मी वर्गाची मॉनिटर होते, ती अजून तेच म्हणते.) मीही हसले. पण ते एका अक्षराचं उत्तर समोर स्क्रीनवर दिसतच होतं.

६ फेब्रुवारी

जाहिरातवाल्याचा निरोप. अगदी नम्र! स्टुडिओ ठरलाय, महिनाअखेर रेकॉर्डिंग. बाळांच्या साबणाची जाहिरात. साबण!!

९ फेब्रुवारी

ठमीकडे जाऊन आले. लाँड्रीच्या वरची तिची खोली, जिन्यात इस्त्रीची वाफ. चहा केला तिने. मग वाजवलं – बोटं अशी फिरत होती की मी पर्स मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. या बाईला काय धाड भरलीय, असं मनात म्हणते तोच तिने बासरी खाली ठेवली आणि विचारलं, “आई कशी आहे गं तुझी?”

आईला जाऊन किती वर्षं झाली. ठमीच तर माझ्या शेजारी उभी होती.

मी म्हटलं, “बरी आहे.” का म्हटलं? तोंडातून निघून गेलं. थोड्या वेळाने तिने पुन्हा चहा ठेवला आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा, बरी आहे.



१० फेब्रुवारी

कुणालाही सांगितलेलं नाही. यांनाही नाही.

१२ फेब्रुवारी

डोक्यात एकच चक्र. खरं सांगितलं तर ठमीने वर्षभरात दिलेलं प्रत्येक ‘घे’ संशयात. लोक हळू आवाजात बोलायला लागतील, बिच्चारी म्हणतील. ती एकदा म्हणाली होती, “मला कुणी बिच्चारी म्हटलं ना, तर त्याच्या कानात बासरी वाजवीन.” आणि नाही सांगितलं तर गुरुजींची धून साबणाच्या फेसात गेली.

तिचा पासवर्ड मला माहीत आहे. तिनेच दिलाय, अडीअडचणीला असावा म्हणून. आज दुपारी तिच्या नावाने आत गेले. जाहिरातवाल्याला लिहिलं – ‘विचार बदलला. अजून नाही.’ पाठवायचं बटण तेवढं दाबायचं होतं. हे बाहेरून ओरडले, “अगं, गॅसवर काय करपतंय?” दूध होतं. परत येऊन सगळं पुसलं.  दुसऱ्याच्या तोंडाने ‘नाही’ म्हणायचं, तेही ओसरीवर!

१५ फेब्रुवारी

सरेसबाई आली होती, कारभार समजून घ्यायला. मी एकेक दाखवत गेले. ठमीच्या धुनांपाशी आल्यावर म्हटलं, “हे नंतर बघू.” ती पेन बंद करून बसली.

“बाई, घर मला देताय आणि एक खोली कुलूप लावून ठेवताय.”

“तसं काही नाही गं.”

“ठमीताईंचं असेल तर मला ठाऊक आहे.”

 ती सांगत गेली. ठमी बासरी घेऊन दुकानात येते, बासरीवर गुंडाळलेला दोरा सुटलाय म्हणते. सुटलेला नसतो, सरेसबाईनेच मागच्या आठवड्यात गुंडाळलेला असतो. “मग मी सोडते, पुन्हा गुंडाळते. पैसे काढतात, मी म्हणते मागचे जास्त झालेत. काय करणार?”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही रोज बोलता त्यांच्याशी. मला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार.”

लागलं. खोल लागलं. रोज बोलते खरी – पण बोलते मीच!

उठताना म्हणाली, “असा कारभार मी घेणार नाही, बाई. राग मानू नका. आधी त्यांना सांगा. त्यांचं त्यांनाच सगळ्यांत शेवटी कळायचं, हे बरं दिसतं का?”

१६ फेब्रुवारी

सांगितलं.

ती कपडे घडी करत होती. शेवटच्या टॉवेलची घडी करून ठेवली. मग म्हणाली, “किती दिवसांपासून माहीत आहे तुला?” मी सांगितलं. “आणि इतके दिवस माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होतीस?”

“ठमे –”

“निघ.”

“अगं, ऐक तर –”

“मॉनिटरकी शाळेत ठेव. निघ!”

निघाले.

१७ फेब्रुवारी

फोन उचलत नाही. लाँड्रीवाल्याला विचारलं. म्हणाला, वरून वाजवण्याचा आवाज येतोय. तेवढ्यावर जेवले.

१८ फेब्रुवारी

अजून नाही. हे म्हणाले, “काय झालंय ते सांग, नाहीतर मीच जातो तिच्याकडे.” सगळं सांगितलं. ऐकून उठले, दोन वेळा दाराचं कुलूप तपासलं. यांना काही सुचत नसलं की कुलूप तपासतात.

जाहिरातवाल्याचा पुन्हा निरोप – रेकॉर्डिंगला ठमीताई हजर राहतील का? मी काय उत्तर देऊ!

१९ फेब्रुवारी

सकाळी ओसरी उघडली तर सगळ्यांत वर ठमी. सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं. उतरवून ठेवते:

‘मी विसरायला लागले आहे. डॉक्टरांकडे जाईन. वर्षभरात मी ज्यांना घे म्हटलं, त्यांनी ते धरू नये, ही विनंती. देताना मला पूर्ण कळत होतं की नाही, हे आता मलाच सांगता येत नाही. बासरी वाजवता येते. कीव करायची असेल त्यांनी आधी सूर लावून यावं.’

खुर्चीत बसून रडले. मग तोंड धुतलं आणि वाट बघत बसले – आता कोण काय म्हणतंय!

 मग ढोलवाले: ‘मी काल चष्मा घालून चष्मा शोधला. सून हसली, सांगितलं नाही. ठमीताई, तुम्ही वाजवा, आम्ही ठेका धरतो.’ मग एकेक येऊ लागले. एकानेही बिच्चारी म्हटलं नाही. हिंमतच नाही!

जाहिरातवाला गप्प.

२० फेब्रुवारी

त्याचं आलं. ‘माझ्याकडे घे लिहिलेलं आहे, हे खरं. स्टुडिओचे पैसेही भरलेत. माझी आई शेवटी शेवटी मला दूधवाला समजायची, हिशोब मागायची. मी द्यायचो. – धून परत करतो. साबणाचं दुसरं काहीतरी बघतो.’

चार वेळा वाचलं. या माणसाबद्दल मी काय काय बोलले होते!

सरेसबाईचा एक ओळीचा निरोप: ‘आता कारभार घेते.’

२३ फेब्रुवारी

दारात ठमी. एक पिशवी, बासऱ्यांची पेटी. आत येऊन यांच्याच खुर्चीत बसली. माफी नाही, काही नाही. “वही काढ. आज डोकं साफ आहे, उद्याचं मी सांगत नाही.” ती सांगत गेली, मी लिहीत गेले. खाली तिची सही –

ओसरी सरेसबाईला. पूर्ण. आम्ही दोघींनी त्यात पुन्हा नाक खुपसायचं नाही.

माझ्याकडच्या बाकीच्या धुना ढोलवाल्यांच्या सुनेला. सासऱ्याला हसते म्हणजे कान चांगला असणार. तिला बासरी शिकायची आहे, लाजते. विचारा.

लांब बासरी सरेसबाईच्या दुकानात. दोरा सोडू नये.

पाळण्याची धून जाहिरातवाल्याला. हो, त्यालाच. हातात आलेली परत करतो, त्याच्याकडे राहील. साबणाला नाही, त्याला. पुढच्या आठवड्यात त्याला बोलवा, शिकवायला वेळ लागेल आणि माझ्याकडे तो किती आहे ठाऊक नाही.

लाँड्रीवरची खोली मालकाला परत, महिन्याच्या आत.

मी मॉनिटरकडे राहायला. तिच्या नवऱ्याला आधी विचारा. खोली रस्त्याच्या बाजूची द्या, मागची नको.