काकूंनी विसळलेली बाटली

प्रिय देवानंद,

धानाची कापणी आटोपली असेल, म्हणून आज लिहायला बसले. यंदा इटियाडोह धरणाचं पाणी वेळेवर सुटलं, हे आपल्या वर्गातल्या प्रफुलकडून कळलं. तू स्वतःहून काही कळवशील तर ना!

एमएस्सीला आपण चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तयार करायचो, आठवतं? केवढं खपायचो, आणि दिसायचं मात्र पातळ हळदीच्या पाण्यासारखं. तुझी आई, रुख्माकाकू, केशोरीहून भेटायला आल्या. प्रयोगशाळेत नुसतं बसवेना, म्हणून त्यांनी आपली चांदीच्या द्रावणाची बाटली मळकं पाणी समजून ओतून टाकली आणि घरून आणलेल्या विहिरीच्या पाण्यानं विसळून पालथी घातली. तू हसलास. मी फुगून बसले.

त्याच बाटलीत तू चांदीचं नवं द्रावण भरलंस, गुलाबी रंगाचा थेंब टाकलास, लेझर सोडलास, आणि पडद्यावरची रेघ अशी उसळली, की सरांनी यंत्र बिघडलंय म्हणत निकाल खोडला. पुन्हा ती कधी उसळली नाही. मग तुझ्या बाबांनी अंथरूण धरलं आणि तू शेतीवर परतलास. काकूंनी मात्र सगळा दोष स्वतःकडे घेतला. फोनवर मला म्हणाल्या, "माह्याच हातानं पोराचं शिक्षण सांडलं व माय." मी काहीतरी बोलून विषय बदलला. तुला थांब म्हणायचं होतं, तेही राहूनच गेलं.

आता मीच हा विषय शिकवते. रंगाचा रेणू नुसत्या पाण्यात असला, तर त्याच्यावरून विखुरलेला प्रकाश इतका क्षीण, की हाती लागत नाही. चांदीला चिकटला की तो वाढतो, आणि दोन कणांमधल्या फटीत रेणू सापडला तर लाखो पटींनी. कणांना जवळ आणायला थोडे क्षार लागतात. ते काकूंनी बाटली विसळली त्या विहिरीच्या पाण्यात होते. यंत्र ठीक होतं रे. पुस्तकात हे छापलेलंच होतं, आपण तिथवर वाचलं नव्हतं. परवा मुलांसमोर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला, रेघ तशीच उसळली, आणि मला भरवर्गात रडू आलं.

काल प्रफुल म्हणाला, काकू आता कुणालाच ओळखत नाहीत. फक्त बाटली दिसली की घाबरून हात मागे घेतात. म्हणून हे पत्र. दुरून सांगू नकोस, त्यांच्या कानाशी बसून वाच. म्हणावं, तुम्ही काही सांडलं नाही. त्या वर्षी जे एकदाच जमलं, ते तुमच्या हातानं. कळणार नाही कदाचित. मला फार उशीर झाला. तरी वाच.

तुझीच,
गुंजन