सातजणींचा सामना

सर, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. शाळेमागच्या मैदानावर गवत माजलंय, पोरी तिथं येत नाहीत. मी कळंबमध्येच एका कापडाच्या दुकानात साड्या उलगडून दाखवते. जमिनीवर मांडी घातली की डावा गुडघा लवकर सरळ होत नाही.

नववीत असताना तुम्ही पुण्याच्या शिबिरातून तो रग्बीचा लांबुळका चेंडू आणलात. आम्ही सगळ्या कबड्डीच्या पोरी. "सर, ह्यो नारळ हाय का?" असं मी विचारलं आणि सगळ्या हसल्या. तुम्ही चिडलात. "हसू नको. तुझ्यासारखी पकड तालुक्यात कुणाची न्हाय. ह्या खेळात तीच लागती." इकडं सातजणी, तिकडं सातजणी, सात-सात मिनिटांचे दोन डाव; पळायचं पुढं आणि चेंडू हातानं द्यायचा फक्त मागं; समोरच्या रेषेपलीकडं तो जमिनीला टेकवला की गुण. आमच्या आबांना पोरीनं चड्डी घालून असलं काही खेळणं पसंत नव्हतं. तुम्ही आमच्या ओट्यावर दोन तास बसून राहिलात, पाणीसुद्धा घेतलं नाहीत. शेवटी आबाच कंटाळून म्हणाले, "न्या मास्तर, पण जबाबदारी तुमची."

देशाच्या संघात माझं नाव आलं तेव्हा तुम्ही सोलापूरच्या दवाखान्यात होतात. आपला संघ आशियातल्या स्पर्धांना जायचा आणि बहुतेक वेळा तळाला राहून परत यायचा, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत होतं. "एक सामना जिंका, बास," एवढंच म्हणालात. सर, आम्ही एकही जिंकलो नाही. समोरच्या मुली लहानपणापासून हेच खेळत आलेल्या. आम्ही धरायला वाकेपर्यंत त्या पार निघून गेलेल्या असत. शेवटच्या सामन्यात तर आमचा एक गुणही झाला नाही. मी डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसलेय, शेजारची रडतेय, आणि फोन वाजतो. तुमचा आवाज ओळखूच येत नाही.

"काय झालं गं?"

"जिंकलो, सर."

"तू किती जणींना पाडलंस?"

"लई."

चार दिवसांनी तुम्ही गेलात. मला पुन्हा कधी संघात घेतलं नाही. खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकरीसाठी कागद घेऊन गेले, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "नंबर आलाय का? नुसतं जाऊन आल्याचं चालत न्हाय." संघ अजून जातो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर निकाल बघते. एखादा सामना जिंकतात, पुढचे हरतात. नवीन पोरींची नावं वाचते आणि त्यांनाही घरी कुणी काहीतरी विचारत असेल, असं वाटत राहतं.

हे सगळं लिहून आज तुमच्या घरी काकूंकडं घेऊन गेले होते. तुमच्यानंतर खरं ऐकून घ्यायला दुसरं कोण आहे? काकूंनी चहा टाकला. त्यांच्या माहेरची दोन माणसं आली होती. त्यांना म्हणाल्या, "हीच ती. हिला फोन लावला आन् ह्यांनी अख्ख्या वॉर्डाला सांगितलं, माझी पोरगी जिंकली म्हणून. त्या दिवशी वाटीभर खीर खाल्ली त्यांनी." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सांग की त्यांना, कसा झाला सामना."

कागद पर्समध्येच राहिला. मी सांगितलं, सर. आणि या खेपेला, शेवटच्या मिनिटाला रेषेपलीकडं चेंडू मीच टेकवला, असंही सांगितलं.