सव्वासातची नोंद

प्रिय धाकट्या,

तू परत गेल्याला आज सतरा दिवस झाले. फोनवर आपण दोघंही जेवणाखाण्याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहायला बसले. मला सवय फक्त शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नोंदी लिहिण्याची, तेव्हा सांभाळून घे.

काल बाबांचं मागे राहिलेलं सामान आणायला वृद्धाश्रमात गेले होते. चष्मा, रेडिओ, दोन स्वेटर आणि तू पाठवलेल्या चपला, अजून नव्याच. मोठ्या सिस्टरांनी बसवून चहा दिला. वर्षभर माझं त्यांच्याशी पटलं नव्हतं. तिथली शिस्त तुला माहीत आहे. सकाळी सहाला दिवे, मग खोलीवार अंघोळी, नऊला बॉयलर बंद. बाबा त्या वेळेला ओरडायचे, हात उचलायचे. अंघोळ घालणाऱ्या वेणीवाल्या मावशी म्हणायच्या, "ताई, तुमचे बाबा दुपारी देवमाणूस, सकाळी वाघ." आम्ही हसायचो आणि विषय तिथेच सोडायचो.

मग तिथे नवी पद्धत आणायचं निघालं. ज्याची आयुष्यभराची जशी सवय, तशी त्याची सेवा. संस्थेने आधी तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना विचारलं, तयार आहात का. सिस्टर म्हणाल्या, "बेचाळीस माणसं, चार मावश्या. एकेकाचे लाड करायला हे काय माहेर आहे?" मावशींनी मात्र कागदावर लिहून दिलं की आम्ही तयार आहोत, बॉयलर तयार नाही. त्या एका ओळीवर महिना गेला. शेवटी बॉयलर दुपारीही लावायचं ठरलं आणि घरच्यांना नवा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता, चाळिशीत हे किती वाजता झोपत आणि किती वाजता उठत?

उत्तर लिहायला घेतलं आणि आठवलं. चौतीस वर्षं बाबा छापखान्यात रात्रपाळीला. सकाळी येऊन झोपायचे ते एक वाजेपर्यंत. आई आपल्याला भांडंसुद्धा वाजवू द्यायची नाही. तू तर खोकला आला की बाहेर पळायचास. विसरायला लागल्यापासून ते मनाने परत पाळीवर जात होते, रात्रभर जागे असायचे. आणि त्यांना तिथे ठेवताना जुन्या फॉर्मवर 'व्यवसाय' समोर मी काय लिहिलं होतं? निवृत्त. बस, तेवढंच. वर्षभर त्यांना ऐन झोपेतून उठवून अंगावर पाणी घालत होते, आणि ज्यांना ठाऊक होतं त्या आपल्याला ते आठवलं नाही.

शेवटचे सात आठवडे त्यांची अंघोळ दुपारी दीडला व्हायची. एकदाही हात उचलला नाही. केस विंचरून दाराकडे तोंड करून बसायचे. मावशी विचारायच्या, "कुठे निघालात, साहेब?" ते म्हणायचे, "धाकट्याला शाळेतून आणायचंय. उशीर झाला की रडतो."

तेव्हा मी तुला ये म्हटलं, तू कामं आहेत म्हणालास. खरं कारण मला ठाऊक होतं. पण ते 'निवृत्त' कबूल करावं लागेल म्हणून मी जास्त आग्रह केला नाही. ती माझी चूक.

काल सिस्टरांनी जुनी वही दाखवली. पद्धत बदलण्याआधी बाबांनी कुणाकुणावर हात उचलला, ते त्यांनी वेळेप्रमाणे काढलं होतं. एकोणीस नोंदी, सगळ्या सकाळी सहा ते नऊमधल्या. बारावी तुझी. 'मुलगा, सव्वासात, गालावर चापट.' तुझ्या वर वेणीवाल्या मावशी, खाली न्हावी. तुला परतीची गाडी गाठायची असायची, म्हणून तू नेहमी सकाळीच यायचास. त्या दिवसानंतर तू आलाच नाहीस, आणि बाबांना पोचवायला आलास तेव्हा स्मशानातही लांब उभा होतास, जसं काही त्यांना तू नको होतास. बाळा, त्यांनी तुला नाही मारलं. झोपमोड करणाऱ्याला मारलं. दुपारी ते रोज तुझी वाट बघत होते. एवढं सांगायलाच हे पत्र लिहिलं. चपला मी ठेवून घेतल्यात, तुझ्याच मापाच्या आहेत. न्यायला ये.

तुझीच,
विसरभोळी ताई