युवा नेत्याला चारशे कमेंट

३ जून
वय सत्तेचाळीस. म्हणजे युवकच. आप्पासाहेब या महिन्यात तालुका युवक आघाडीचा अध्यक्ष जाहीर करणार. माझ्याशिवाय कोपरगावात आहे कोण? फेसबुकवर पाच हजार फ्रेंड. सगळे तरुण. जोडले तेव्हा तरी होते.
आमची पूजा कॉलेजात आहे. म्हणते, "पप्पा, फेसबुकवर आता आजोबा लोकच हायेत. पोरं कवाच इन्स्टावर गेली." पोरीला राजकारण कळत नाही.

५ जून
इन्स्टा काढून पाहिलं. पुतण्या करण ट्रॅक्टरवर नाचतोय. यात विचार कुठाय? बंद केलं. पासवर्डही विसरलो.

९ जून, वाढदिवस
स्टुडिओत फोटो काढला. हात जोडलेले, गळ्यात हार. ब्लॅक अँड व्हाइट करून घेतला. तरुणांना क्लासिक आवडतं. फेसबुकवर टाकला.
सकाळी. पहिली कमेंट राजूरच्या काकासाहेबांची. भावपूर्ण श्रद्धांजली! मोतीबिंदू आहे त्यांना. दुर्लक्ष.
दुपारी. खाली सगळ्यांनी तेच लिहिलंय. वरचं बघून खाली लिहायची आपल्याकडं पद्धतच आहे.
संध्याकाळी. चारशे कमेंट! खुलासा करणार होतो, पण चालत्या गाडीला खीळ कशाला? प्रत्येकाला लाईक दिला.

१२ जून
श्रीरामपूरच्या मेव्हण्याचा फोन. दहावा कधी विचारत होता. आमच्या सौ. पुष्पावतीनं त्याची फोनवरच हजेरी घेतली. पूजा म्हणते, एक जरी पोरगा फेसबुकवर असता तरी खुलासा झाला असता, डिलीट करा. चारशे कमेंट डिलीट? वेडी आहे.

१८ जून
आप्पासाहेब घरी आले! दारात तीन गाड्या. सकाळपासूनचा त्यांचा हा तिसरा दहावा. गोदावरीच्या घाटावर कुणी दिसेना, म्हणून इकडं आले.
मी आत पोहे खात होतो. पुष्पावती ओरडून सांगत होती, "अवो, ते आत पोहे खात्यात!" बायकांनी तिला धरून बसवलं. धक्का बसलाय म्हणाल्या.
उठणार, तोच भाषण सुरू झालं. "हनुमंतासारखा उमदा युवक ऐन तारुण्यात गेला..." माझ्याबद्दल इतकं चांगलं कधीच कुणी बोललं नव्हतं. डोळे भरून आले. मध्येच जाणं बरं दिसेना. पोहे गार झाले.
शेवटी म्हणाले, हनुमंताचं अपुरं काम करण पुरं करील. युवक आघाडीचा अध्यक्ष तोच. दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत, तरी वाजल्या.
तेव्हा बाहेर आलो. आप्पासाहेबांनी घड्याळ पाहिलं. "आता जाहीर झालंय गड्या. तुला ज्येष्ठांच्या आघाडीत बघू." गाडीत बसले.
असो. ‘ऐन तारुण्यात’ म्हणाले, तेही चारचौघांत. करणनं त्या भाषणाची रील टाकलीय म्हणे, इन्स्टावर.
पासवर्ड आठवेना.